जेल, पॅच आणि रात्रीची कॅप्सूल : रजोनिवृत्तीनंतरच्या हॉर्मोन उपचाराचे अठरा महिने

औषधाचे परीक्षण लिहावे की लिहू नये, याविषयी मी बराच काळ साशंक होते. पंखा आवाज करतो की नाही हे खोलीत बसलेल्या सगळ्यांना सारखेच ऐकू येते. औषध मात्र माझ्या अंगात जसे वागले तसेच दुसरीच्या अंगात वागेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तरीही गेल्या अठरा महिन्यांत इस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनचा पॅच, त्याचेच जेल, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हॉर्मोनची कॅप्सूल आणि योनिमार्गात ठेवायची छोटी गोळी अशा चारही गोष्टी मी स्वतः वापरल्या आहेत, आणि त्या वापरताना जे बारीकसारीक तपशील कळले ते डॉक्टरांच्या खोलीत विचारायला सुचत नाहीत. शिवाय या उपचाराकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याची माझी समजूत सुरुवातीला फारच ढोबळ होती.

उपचार सुरू केला तेव्हा मी ५२ वर्षांची होते आणि शेवटची पाळी येऊन चौदा महिने झाले होते. रजोनिवृत्ती घडते त्या दिवशी कळत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग ती झाली असे म्हणायचे. माझे हाल त्या बारा महिन्यांतच सुरू झाले होते. छातीपासून एक ऊब उठायची, मान, कान, कपाळ असे करत वर चढायची, काळीज धडधडायचे, दोन-तीन मिनिटांत कपडे ओले व्हायचे आणि मग त्याच ओल्या कपड्यांत थंडी वाजायची. अशा वाफा (हॉट फ्लश) दिवसाला दहा-बारा वेळा आणि रात्री तीन-चार वेळा येत. दिवसाचे मी कसेबसे निभावून नेत होते. रात्रींनी मात्र मला मोडले. आठ महिने तुटक झोपेवर काढल्यावर माणूस किती चिडका होतो, हे माझ्या घरच्यांना विचारावे.

मी ज्यांच्याकडे आधी गेले त्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत माझी बोळवण केली. हे सगळ्यांनाच होते, वर्षभरात जाईल, मन दुसरीकडे गुंतवा, असे त्यांचे म्हणणे होते. यातले पहिले वाक्य बहुतांशी खरे आहे. दुसरे खरे नाही : अमेरिकेतल्या अनेक वर्षे चाललेल्या ‘स्वान’ या अभ्यासाचे जे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यम कालावधी ७.४ वर्षे भरला, म्हणजे निम्म्या स्त्रियांना त्याहूनही अधिक काळ हा त्रास होतो. आणि मन गुंतवण्याविषयी बोलायचे तर, या वाफा मनात तयार होत नाहीत. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराच्या तापमानाचे नियंत्रण चालते. तिथल्या काही विशिष्ट पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन घटून तो सुटला की त्या पेशी अतिक्रियाशील होतात आणि शरीर जे तापमान निमूटपणे सहन करते त्याची पट्टी अगदी अरुंद होऊन बसते. मग एरवी जाणवलीही नसती एवढ्याशा उष्णतेने शरीर घाबरते, त्वचेच्या रक्तवाहिन्या मोकळ्या सोडते आणि घाम काढते. हे वाचले तेव्हा मला निम्मे बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पाऊण तास दिला, आणि या संपूर्ण उपचारातील सर्वांत मोलाची सेवा मी त्या पाऊण तासालाच मानते. गर्भाशय जागेवर आहे की काढले आहे, पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला आहे का, आई-बहिणींपैकी कोणाला स्तनाचा कर्करोग झाला आहे का, पाळी गेल्यानंतर कधी रक्तस्राव झाला का, यकृताचा काही आजार आहे का, अर्धशिशी आहे का, थायरॉईडची गोळी चालू आहे का, असे एकेक त्या विचारत गेल्या आणि उत्तरे लिहून घेत गेल्या. ज्या स्त्रीला स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, जिच्या रक्तस्रावाचे कारण सापडलेले नाही किंवा जिला नुकतीच गुठळी झाली आहे, तिच्यासाठी हा रस्ता सहसा बंद असतो. थायरॉईडचा प्रश्न मला अवांतर वाटला होता. पण इस्ट्रोजेन तोंडावाटे घेतल्यास रक्तातील थायरॉईड हॉर्मोन बांधून ठेवणारे प्रथिन वाढते आणि थायरॉईडच्या गोळीची मात्रा बदलावी लागू शकते, हे त्यांनी सांगितले. रक्तदाब मोजला, मॅमोग्राफी करून आणायला सांगितली. मी हॉर्मोनच्या रक्त तपासण्यांची तयारी करून गेले होते, पण पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि अशी ठळक लक्षणे असलेल्या स्त्रीला रजोनिवृत्तीच्या निदानासाठी त्यांची गरज नसते, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले नाही तर उलट पुढच्या चर्चेला बसवले.

चर्चा अर्थातच भीतीची होती. ‘हॉर्मोन’ म्हटले की माझ्या पिढीच्या मनात ‘कर्करोग’ हा शब्द आपोआप उमटतो आणि त्याचे मूळ २००२ सालात आहे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे औषध) एकत्र देण्याचा विभाग त्या वर्षीच्या जुलैमध्ये ठरल्या मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. त्या विभागात १६,६०८ स्त्रिया होत्या. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी वाढले, हे वाक्य जगभर गेले आणि असंख्य स्त्रियांनी रातोरात गोळ्या बंद केल्या. त्याच चाचणीचे आकडे दुसऱ्या रीतीने मांडले तर ते असे दिसतात : दहा हजार स्त्रियांनी वर्षभर औषध घेतले तर स्तनाच्या कर्करोगाचे ८, पक्षाघाताचे ८, फुप्फुसातील गुठळीचे ८ आणि हृदयविकाराचे ७ रुग्ण जास्त, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ आणि खुब्याच्या हाडाच्या मोडीचे ५ रुग्ण कमी. हे आकडे शून्य नाहीत, आणि त्यांना शून्य म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. पण त्या चाचणीत सहभागी झालेल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती. आणि त्यांना दिलेली औषधे म्हणजे गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टिन, दोन्ही तोंडावाटे. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना ज्या विभागात केवळ इस्ट्रोजेन दिले गेले, तिथे पक्षाघात वाढला, पण स्तनाचा कर्करोग वाढला नाही.

माझ्या डॉक्टरांचा सगळा युक्तिवाद याच जागेवरून सुरू झाला आणि मला तो पटला. कोणते हॉर्मोन, शरीरात कोणत्या वाटेने आणि कोणत्या वयात, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ‘हॉर्मोन चांगले की वाईट’ या प्रश्नाला अर्थ नाही. गिळलेले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती वाढवते. त्वचेतून गेलेले इस्ट्रोजेन यकृताचा हा पहिला फेरा टाळून थेट रक्तात मिसळते, आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत नेहमीच्या मात्रेला त्याने गुठळ्यांचा धोका वाढल्याचे दिसलेले नाही. वय साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, तर त्रासदायक लक्षणांसाठी फायद्याचे पारडे सामान्यतः जड असते. मी दोन्ही अटींत बसत होते. वजन मात्र माझे हवे त्यापेक्षा जास्त होते, आणि गोळीऐवजी त्वचेचा मार्ग निवडण्याला तेही एक कारण ठरले.

सुरुवात पॅचने झाली. चोवीस तासांत ५० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) सोडणारा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, कमरेखाली, म्हणजे ओटीपोटावर किंवा नितंबावर लावायचा. स्तनांवर कधीही नाही. वस्तू म्हणून पॅच मला बुद्धिमान वाटला. एकदा लावला की तीन-चार दिवस त्याची आठवणही ठेवावी लागत नाही. पण जिला घामाचा त्रास आहे तिलाच घामाने सुटणारी वस्तू द्यावी, यात काहीतरी विनोद आहे. कडा उचलल्या जात, त्यांच्याखाली धूळ आणि कपड्यांचे तंतू बसत, आणि काढल्यानंतर डिंकाची एक काळपट चौकट त्वचेवर राही. ती साबणाने जात नसे, थोडे तेल लावून हळूहळू घासावी लागे. दर वेळी जागा बदलूनही तिसऱ्या महिन्यात मला त्या डिंकाचे पुरळ उठू लागले आणि पॅचचा निरोप घ्यावा लागला. ज्यांची त्वचा सोशिक आहे त्यांनी माझ्या या तक्रारीकडे दुर्लक्ष करावे.

त्यानंतर आजतागायत जेल. पंपाच्या एका दाबातून ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल मिळते आणि मी रोज सकाळी अंघोळीनंतर दोन दाब, म्हणजे दीड मिलिग्रॅम, दंडाच्या बाहेरच्या बाजूपासून खांद्यापर्यंत पातळ पसरवते. पातळ हा शब्द महत्त्वाचा आहे. हे मलम नव्हे, चोळून जिरवायचे नसते, मोठ्या भागावर पसरवून वाळू द्यायचे असते. वाळायला पाचेक मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे बाह्या वर करून ताटकळत उभे राहणे हाच या वस्तूचा रोजचा जाच आहे. तासभर ती जागा धुवायची नाही. जेल अल्कोहोलयुक्त असल्यामुळे ओले असताना आगीजवळ जायचे नाही. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि ती त्वचा लहान मुलांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या अंगाला लागू द्यायची नाही, कारण औषध त्यांच्याही त्वचेतून आत जाऊ शकते. ही शेवटची सूचना डब्यावरच्या पत्रकात बारीक अक्षरांत असते, ती ठळक हवी होती. जेलचा मोठा गुण म्हणजे मात्रा सहज कमी-जास्त करता येते. पॅच बदलायचा तर नवे खोके आणावे लागते, इथे एक दाब वाढवला की झाले, अर्थात डॉक्टरांना विचारून.

परिणाम कधी दिसला? पहिल्या दहा दिवसांत काहीच नाही, आणि मी मनातल्या मनात सगळे प्रकरण निकालात काढले होते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जाग आली आणि रात्री एकदाच उठल्याचे लक्षात आले. दोन महिन्यांच्या शेवटी दिवसाच्या वाफा एक-दोनवर आल्या होत्या, त्याही सौम्य. इथे एक प्रामाणिक पुस्ती जोडते. वाफांवरील चाचण्यांत औषधाविना, नुसत्या दिखाऊ गोळीनेही त्रास लक्षणीय प्रमाणात उतरतो, असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. तेव्हा माझ्या सुधारणेचा काही वाटा आशेचा असणार. परंतु इस्ट्रोजेन त्या दिखाऊ गोळीपेक्षाही बरेच पुढे जाते, हेही त्याच चाचण्या दाखवतात.

आता कॅप्सूल. गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीने एकटे इस्ट्रोजेन घेतले तर गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. हा धडा १९७५ च्या सुमारास अमेरिकेत मोठी किंमत मोजून शिकला गेला. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन. माझी पाळी जाऊन वर्ष उलटलेले असल्याने मला रोज रात्री १०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, प्रोजेस्टेरॉन देण्यात आले. ज्यांची पाळी नुकतीच थांबली आहे त्यांना बहुधा महिन्यातले बारा ते चौदा दिवस २०० मिलिग्रॅम देतात आणि मग पाळीसारखा रक्तस्राव होतो. ही कॅप्सूल रात्रीच का, याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात असे एक द्रव्य बनते जे मेंदूत झोपेची काही औषधे ज्या ग्राहीवर काम करतात त्यावरच काम करते. मी ती जेवण उरकताच घेतली होती. भरल्या पोटी ती अधिक शोषली जाते, आणि अर्ध्या तासात मी भिंतीला धरून अंथरुणापर्यंत गेले. तेव्हापासून जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ देते, कॅप्सूल घेते आणि दिवा मालवते. त्या धाकाखेरीज मला तिने केवळ सुख दिले आहे. माझ्या एका मैत्रिणीला मात्र याच कॅप्सूलने उदास आणि फुगल्यासारखे वाटू लागले, आणि तिला दुसरे प्रोजेस्टिन शोधावे लागले. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते. ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांनी घटकांची यादी अवश्य वाचावी.

पाचव्या आठवड्यात डाग दिसले तेव्हा मी चांगलीच घाबरले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते की पहिल्या तीन ते सहा महिन्यांत थोडा अनियमित रक्तस्राव होऊ शकतो, पण सांगितलेले आणि दिसलेले यांत फरक असतोच. चौथ्या महिन्यात तो आपोआप थांबला. सहा महिन्यांनंतरही चालू राहिला असता, किंवा थांबून पुन्हा सुरू झाला असता, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी करावी लागली असती, आणि ती टाळू नये.

चौथी वस्तू सर्वांत लहान आणि कदाचित सर्वांत उपेक्षित. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळची आग आणि वर्षातून तीन-चारदा होणारा लघवीचा संसर्ग, या तक्रारी जेलने थोड्याच हलल्या. २०१४ पासून वैद्यक या सगळ्यांना एका नावाखाली एकत्र मोजते, कारण कारण एकच आहे : इस्ट्रोजेनअभावी योनी आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते. वाफा काही वर्षांनी ओसरतात, हा त्रास मात्र उपचाराविना वाढत जातो. मला १० मायक्रोग्रॅमची गोळी योनिमार्गात ठेवायला दिली. पहिले दोन आठवडे रोज, त्यानंतर आठवड्यातून दोनदा. ही मात्रा इतकी अल्प आहे की रक्तात जवळपास काही पोहोचत नाही, आणि तिच्यासाठी वेगळे प्रोजेस्टेरॉन लागत नाही. दोन महिन्यांत आग थांबली. गेल्या वर्षभरात संसर्ग एकदाच झाला. ज्यांना वाफांचा काहीच त्रास नाही आणि संपूर्ण शरीराचा उपचार नको आहे, त्यांनी निदान या एका गोळीविषयी तरी डॉक्टरांशी बोलावे असे मला फार वाटते. आणि तिच्या डब्यातले पत्रक? त्यात पक्षाघात, गुठळी, स्मृतिभ्रंश, कर्करोग अशी तीच यादी छापलेली, जी तोंडावाटे घ्यायच्या गोळीच्या पत्रकात असते. ते वाचून डबा तसाच ठेवून देणाऱ्या बायकांना मी दोष देणार नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये या औषधांवरील चौकटीतले जुने इशारे मोठ्या प्रमाणावर काढण्याची घोषणा केली, ती त्यामुळे मला स्वागतार्ह वाटली, जरी तिच्यासोबत झालेली जाहिरातबाजी मला रुचली नाही.

कारण हा उपचार ज्या गोष्टी करत नाही त्यांची यादीही मोठी आहे. माझे वजन घटले नाही. केस दाट झाले नाहीत. नावे विसरण्याची सवय झोप सुधारल्यावर थोडी कमी झाली, पण ते श्रेय मी झोपेला देते. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी हे औषध घ्यावे असे म्हणायला आधार नाही, आणि पासष्टीनंतर सुरू करणाऱ्या स्त्रियांत तर उलट परिणाम दिसला होता. हाडांची झीज हे औषध रोखते, तो फायदा खरा आहे, पण तो घेत असेपर्यंतचा. गर्भनिरोधक म्हणून ते चालत नाही, हेही नुकतीच पाळी थांबलेल्या स्त्रियांनी ध्यानात ठेवावे. कातडीखाली बसवायच्या, मागणीनुसार बनवलेल्या ‘नैसर्गिक’ हॉर्मोन गुटिकांची जाहिरात मी पाहिली आहे. ज्यांची मात्रा आणि शुद्धता कोणी तपासलेली नाही अशा वस्तूच्या वाटेला मी जाणार नाही, विशेषतः मान्यताप्राप्त पॅच आणि जेलमधले इस्ट्राडायॉल हेच शरीरातल्या इस्ट्राडायॉलशी हुबेहूब असताना.

स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न मी शेवटी ठेवला आहे, तो लहान आहे म्हणून नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या एका मोठ्या विश्लेषणानुसार पन्नाशीपासून पाच वर्षे रोज इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन घेणाऱ्या दर पन्नास स्त्रियांमागे सत्तरीपर्यंत एकीला जास्तीचा कर्करोग होतो. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनने हा धोका कमी असावा असे काही निरीक्षणात्मक अभ्यास सुचवतात, पण मी माझा निर्णय तो फायदा नसल्याचे गृहीत धरूनच घेतला. पन्नासांत एक. मी हा आकडा दोन दिवस कागदावर लिहून समोर ठेवला होता. माझ्या रात्रींकडे पाहून मी होकार दिला. माझ्या आईला किंवा बहिणीला हा आजार झाला असता, किंवा वाफा दिवसाला दोनच येत असत्या, तर मी बहुधा नकार दिला असता. नकार देणाऱ्यांसाठी आता मेंदूतल्या त्याच पेशींवर काम करणारे, हॉर्मोन नसलेले फेझोलिनेटंट हे औषधही २०२३ पासून आले आहे, फक्त त्यासोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि मॅमोग्राफी ठीक निघाली. पंधराव्या महिन्यात, डॉक्टरांच्या संमतीने, मी जेल दोन दाबांवरून एकावर आणून पाहिले. इतक्या दिवसांत वाफा आपल्या आपण ओसरल्या असतील, अशी एक चोरटी आशा होती. पहिला आठवडा शांत गेला. दहाव्या रात्री तीन वाजता मी ओल्या कपड्यांनिशी खिडकीपाशी उभी होते, आणि सकाळी डॉक्टरांना फोन करून पुन्हा दोन दाब सुरू केले. पुढचा प्रयत्न वर्षभराने करायचा असे ठरले आहे.